गुडघ्याएवढं जंगल

उन्हाळ्यात गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये बाहेरगावचा पाहुणा असला, की खिडकीबाहेर पाहून तो हमखास विचारतो, "हे जंगल वाळलं का हो?" सागाचे नुसते खराटे उभे असतात, खाली पाचोळ्याचा थर, मधेच जळून काळा पडलेला पट्टा. हाच पाहुणा पोळ्याच्या सुमारास आला तर म्हणेल, काय गच्च जंगल आहे! दोन्ही वेळा त्याची नजर वर असते. जंगल टिकणार की हळूहळू संपणार, हे मोठ्या झाडांकडे पाहून कळत नाही. ते कळतं खाली, घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीत, जिथे उद्याची झाडं आज रोपटी म्हणून उभी असतात. वणवा, तेंदूपत्ता, चराई, बांबूतोड, सागाची लागवड, घाणेरी यांवर आपण सुटंसुटं वाचत असतो. पण या सगळ्यांचा बरावाईट परिणाम होतो तो याच उंचीवर. म्हणून इथे सगळं तिथूनच पाहू.

पाऊस चार महिन्यांचा

उष्णकटिबंधीय जंगल म्हटलं की अनेकांना अ‍ॅमेझॉन आठवतं. बारमाही पाऊस, कायम हिरवी पानं, जमिनीवर अंधार. पण कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधला सगळा पट्टा उष्णकटिबंधातच येतो. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आणि विदर्भ साधारण 19 ते 22 अंश उत्तर अक्षांशांत, म्हणजे मेळघाट, ताडोबा, नागझिरा, आलापल्ली ही सगळी उष्णकटिबंधीय जंगलंच झाली. फरक आहे तो पाऊस वर्षभरात कसा वाटला जातो यात. गडचिरोलीकडे वर्षाला 1,400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बुलढाण्याकडे जाईपर्यंत तो 800 च्या घरात येतो. पण दोन्हीकडे त्यातला बहुतेक पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडून जातो. पुढचे आठ महिने झाडाने साठ्यावर काढायचे. 1968 साली चॅम्पियन आणि सेठ या वनशास्त्रज्ञांनी भारतातल्या जंगलांचं जे वर्गीकरण केलं, ते वनखातं आजही वापरतं. त्यात विदर्भातलं बहुतेक जंगल 'शुष्क पानझडी' गटात येतं, पूर्वेकडचे काही ओलसर भाग 'आर्द्र पानझडी'त.

सदाहरित जंगलात रोपट्यांची झुंज उजेडासाठी असते. आपल्याकडे उजेड मुबलक, टंचाई पाण्याची. पानांतून पाणी उडून जातं, म्हणून पाणी संपत आलं की झाड पानंच टाकून देतं. यात मरण वगैरे काही नाही, खर्च थांबवणं आहे. आणि सगळी झाडं एकाच वेळी हे करत नाहीत. पळस पानं टाकून फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. कुसुमाला त्याच सुमारास लालभडक पालवी येते, लांबून पाहणाऱ्याला ती फुलंच वाटतात. साग मात्र पाऊस येईपर्यंत बोडकाच. पुष्कळ झाडं तर ऐन एप्रिल-मेमध्ये, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, नवी पानं काढतात. हे पाणी खोल मुळांचं आणि खोडात साठवलेलं. इतकी घाई का? एक कारण असं सांगितलं जातं, की पावसाबरोबर पानं खाणाऱ्या किडी वाढतात, त्याआधी पान जून झालेलं बरं. दुसरं सरळ आहे: पहिला पाऊस पडेल त्या दिवशी पानांचा कारखाना चालू पाहिजे.

हे झालं मोठ्या झाडाचं. त्याची मुळं खोल गेलेली, खोड जाड. नुकत्याच रुजलेल्या रोपट्याने काय करावं?

वर वीतभर, खाली हातभर

जूनमध्ये बी रुजतं. दिवाळीपर्यंत रोपट्याला जेमतेम चार-सहा पानं फुटतात, पण तेवढ्या काळात मूळ जमिनीत खोल गेलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये वरचा भाग वाळतो, अनेकदा पार जमिनीपर्यंत. लोक म्हणतात मेलं. पुढच्या पावसात त्याच मुळातून पुन्हा कोंब येतो, थोडा जाड. पुन्हा वाळतो. असं वर्षानुवर्षं चालतं. वर काही वाढलेलं दिसत नाही, मुळाची गाठ मात्र दरवर्षी जाड होते. कमाई थोडी असली की माणूस आधी कणगी भरतो, माडी चढवायचं नंतर पाहतो, तसलाच हा हिशोब. कधीतरी मुळात पुरेसा साठा होतो, एखाददुसरं वर्ष बरं जातं, आणि मग कोंब एकाच पावसाळ्यात कमरेपर्यंत जातो. म्हणून गुडघ्याएवढं दिसणारं रोपटं दहा वर्षांचंही असू शकतं. ते उपटून टाकणं म्हणजे दहा वर्षं उपटून टाकणं.

याचा पुरावा हवा असेल तर पावसाच्या तोंडावर वनखात्याच्या रोपवाटिकेत जा. सागाची लागवड बहुधा पूर्ण रोपाने करत नाहीत, 'जडी'ने करतात. वर्षभर वाफ्यात वाढलेलं रोप उपटायचं, वरचा शेंडा कापून जेमतेम इंचभर खोड ठेवायचं, आजूबाजूची बारीक मुळं छाटायची, आणि वीतभर लांबीचं मुख्य मूळ ठेवायचं. अंगठ्याएवढ्या जाडीचा, चुलीत घालावा असा तो तुकडा दिसतो. अशा जड्यांचे गठ्ठे ओल्या पोत्यात बांधून जंगलात नेतात. सब्बलने भोक पाडायचं, जडी सरळ घालायची, माती टाचेने दाबायची. चांगला पाऊस झाला की काही दिवसांत कोंब. पान नाही, शेंडा नाही, तरी जगते, कारण जगवणारा साठा सगळा मुळात.

याच गुणामुळे आपलं जंगल कापलं तरी पुन्हा उठतं. सागाच्या खुंटाला फुटवे येतात. पळस आणि तेंदू तर लांबवर पसरलेल्या मुळांतूनही नवे कोंब काढतात. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला पट्टा, पडली, दोन वर्षांनी पाहिलं तर पुन्हा हिरवंगार. यात एक मेख आहे. फुटवा म्हणजे जुनंच झाड, नवा जीव नव्हे. खुंट चौथ्या-पाचव्यांदा कापला की त्याचा जोर कमी होतो. आणि जी झाडं बियांवरच अवलंबून आहेत, फुटव्यावर जगत नाहीत, ती या फेऱ्यांत गुपचूप गळतात. जंगल हिरवं राहतं, पण त्यातल्या जातींची यादी आखूड होत जाते. लांबून, मोटारीतून किंवा उपग्रहावरून, हे दिसत नाही.

वणवा: दरवर्षी पुन्हा शून्यावर

आपल्याकडचा वणवा शेंड्याशेंड्यांवरून पळत नाही. तो जमिनीवरून सरकतो, पाचोळा आणि वाळकं गवत खात. ज्वाळा अनेकदा गुडघ्याच्या आसपासच असतात, म्हणून मोठ्या झाडाला फारसं काही होत नाही आणि 'जंगलाला सवय आहे आगीची' असं म्हणणारे भेटतात. अर्धं खरं आहे. रोपटं आगीत मरत नाही, त्याचा वरचा भाग जातो आणि मूळ शाबूत राहतं. पण त्याला ज्वाळेच्या उंचीच्या वर निघायला सलग काही वर्षं बिनआगीची मिळावी लागतात. दर उन्हाळ्यात आग आली तर ते दर उन्हाळ्यात शून्यावर येतं. मुळातला साठा प्रत्येक वेळी नवा कोंब काढण्यात खर्च होतो, आणि एका वर्षी तो संपतो.

शिवाय पाचोळा गेल्याने जमिनीचं नुकसान होतं ते निराळंच. पाचोळ्यातलं नत्र धुराबरोबर हवेत जातं. पोटॅश, कॅल्शियम राखेत उरतं, पण उतारावरची राख पहिल्या जोरदार पावसात ओढ्याला लागते. उघड्या मातीवर थेंब आदळून वरचा थर घट्ट बसतो, पाणी मुरायच्या ऐवजी वाहतं. पाचोळा कुजवून मातीत मिसळणाऱ्या वाळवीचं कामच काढून घेतलं जातं. घरातल्या चौकटी खाल्ल्यामुळे तिला आपण शिव्या घालतो, पण कोरड्या जंगलात पाचोळा आणि वाळकं लाकूड मातीत परत नेणारे तिच्याइतके कामसू मजूर दुसरे नाहीत.

आग लागते कशी? बहुतेक वेळा माणसाच्या हातून. मुख्य कारणांतलं एक आहे मोह. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्री उशिरापासून सकाळपर्यंत टपटप पडत राहतात. पहाटे टोपली घेऊन बायका झाडाखाली पोहोचतात. फूल फिकट पिवळसर, पाचोळाही त्याच रंगाचा, शोधायला त्रास. म्हणून आधीच झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करायची. एखाद्या काकूला विचारा, उत्तर तयार असतं: "पाला नाही जारला त मोह दिसन कसा?" काकूचं म्हणणं चुकीचं नाही. मोह म्हणजे घरातला रोख पैसा आहे. पेटवलेली आग मात्र झाडाच्या बुंध्यापाशी थांबत नाही, वारा सुटला की पुढच्या टेकडीवर.

वनखातं फेब्रुवारीत जाळरेषा काढतं, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा आधीच जाळून किंवा साफ करून ठेवतं, की आग तिथे येऊन थांबावी. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे ठिपके टिपते आणि वनरक्षकाच्या मोबाइलवर मेसेज येतो. अलीकडे पाला उडवायला ब्लोअरही आलेत. हे सगळं हवंच. पण माझ्या मते जाळरेषेवर जेवढा पैसा खर्च होतो, त्यातला थोडा जरी मोहाखाली अंथरायच्या जाळ्यांवर गेला तर जास्त उपयोग होईल. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या जोडून बांधल्या, की फूल मातीत पडत नाही, स्वच्छ मिळतं, भावही बरा येतो, आणि काडी ओढायचं कारणच उरत नाही. काही गावांत हे चालू आहे.

मोहाची आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. फुलं वेचली, मग जून-जुलैत टोरी वेचली, म्हणजे तेलासाठी बिया. मोहाचं बी ताजं असतानाच रुजतं, काही आठवड्यांत त्याची रुजण्याची ताकद जाते. वटवाघळांनी फळं खाऊन दूर टाकलेल्या बिया सोडल्या, तर झाडाखाली फारसं काही उरत नाही, आणि उरलं ते पुढच्या मार्चमध्ये जळतं. म्हणून बांधाबांधावर आजोबांच्या वेळचे थोराड मोह दिसतात आणि त्यांच्या आसपास कमरेएवढा एकही दिसत नाही. आत्ता काही बिघडलेलं नाही. बिघाड दिसेल तो हे थोराड मोह वठतील तेव्हा.

तेंदू आणि चार

तेंदूपत्ता म्हणजे विडीचं पान. पान मोठ्या झाडाचं घेत नाहीत, ते जाड आणि खरबरीत. हवं ते गुडघ्याएवढ्या झुडपाचं, कोवळं, लवचीक. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपं जमिनीलगत छाटतात, याला बेटकटाई म्हणतात. साधारण दीड महिन्याने नवी पानं येतात आणि मेच्या उन्हात अख्खं घर पहाटेपासून तोडायला बाहेर पडतं. दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, मोजून द्यायचे. हजार पुड्यांचं एक प्रमाणित पोतं धरतात, म्हणजे 70,000 पानं. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, पण हाच पैसा मृगाच्या आधी धानाच्या बियाण्याला आणि पोरांच्या शाळेला लागतो.

आता यातलं जंगलशास्त्र पाहा. तेंदूला छाटलं तरी चालतं, जाळलं तरी चालतं, मुळातून तो पुन्हा येतो. उलट आगीनंतर कोवळी फूट जास्त येते, म्हणून छाटणीचे कष्ट वाचवायला सरळ आग लावणारेही असतात. त्याच आगीत शेजारचं बेहड्याचं, चारोळीचं रोपटं मागे पडतं. तेंदू मात्र टिकतो, वाढतो, पण झाड कधी होत नाही. कायम झुडूपच. मग टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, येणार कुठून? टेंभरं माणसांनाही आवडतात, वानरांनाही आणि अस्वलांना तर फारच. अस्वल फळ खाऊन विष्ठेतून बिया पसरवतं.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. 2012 मध्ये या गावाला सुमारे 1,000 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल वापरायचा आणि राखायचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला. त्यानंतर ग्रामसभेने ठरवलं, तेंदूपत्ता तोडायचा नाही, कारण त्यासाठी छाटणी होते आणि आगी लागतात. उत्पन्नाची भिस्त बांबूवर ठेवली, आणि जंगलाचा एक भाग हातच लावायचा नाही म्हणून राखला. मला हा निर्णय धाडसी वाटतो. पण ज्या गावाकडे बांबू नाही त्याने काय करावं? तिथे निदान एवढं होऊ शकतं, की छाटणी कोयत्याने, आगीने नाही, आणि प्रत्येक पट्ट्यात काही तेंदू झाड व्हायला सोडून द्यायचे. गडचिरोलीत पुष्कळ ग्रामसभा आता स्वतः तेंदूचा लिलाव करतात. 'आग लागलेल्या पट्ट्यातलं पान घेणार नाही' ही अट ठेकेदाराच्या करारनाम्यात घालणं त्यांच्याच हातात आहे.

चारोळीची कथा छोटी आणि कडू. मिठाईवर पसरतात ती चारोळी म्हणजे चार नावाच्या झाडाच्या बियांमधला गर. भाव चढा. फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं, पण पिकेपर्यंत कोण थांबणार? आज मी सोडलं तर उद्या दुसरा नेईल. म्हणून हिरवंच ओरबाडायचं, हात पोचत नसेल तर फांदीच तोडायची. कच्च्या फळातला गर हलका, भाव कमी. बी जमिनीवर पडतच नाही. इथे अडचण झाडाची नसून माणसांच्या आपसातल्या भरवशाची आहे, आणि उपायही तोच: अमुक तारखेच्या आत कोणी चार तोडायची नाही, असं गावाने ठरवायचं आणि पाळायचं.

बांबू आणि मेंढ्याचा पास

बांबूचं गणित निराळं, कारण तो गवताच्या कुळातला. आपल्या जंगलात मुख्यतः मानवेल. पावसाळ्यात जमिनीखालच्या कंदातून कोंब निघतो. हेच वास्ते, भाजीला चालतात. काही आठवड्यांत तो पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो ना उंच होतो ना जाड, फक्त पिकत जातो, आणि त्याला दोन-तीन वर्षं लागतात. पुढच्या वर्षीच्या कोंबाला अन्न पुरवतात ते मागच्या एक-दोन वर्षांचे बांबू. म्हणून तोडीचा नियम असा, की यंदाचे आणि गेल्या वर्षीचे सोडायचे, तीन वर्षांवरचे काढायचे, तेही पावसाळा टाळून, जमिनीपासून थोडं वर, पेराच्या वरून. रांजीच्या, म्हणजे बांबूच्या बेटाच्या, कडेचे सोपे म्हणून कोवळे कापले आणि मधले जुने तसेच गुंतून राहिले, की रांजी आतून गुदमरते. ठेकेदाराच्या मजुराला नगावर पैसे मिळतात, तो कडेचेच कापणार. गावाचाच बांबू असेल तर मधला काढायचे कष्ट घ्यायला कारण असतं.

मानवेल काही दशकांनी एकदा, मोठ्या पट्ट्यात एकदम फुलतो, बी धरतो आणि मरतो. मग जमिनीवर हजारो रोपं गवतासारखी उगवतात. ती पुन्हा रांजी व्हायला कितीतरी पावसाळे जातात, आणि नेमक्या त्याच काळात मेलेल्या बांबूचा ढीग वणव्याला आमंत्रण देत पडलेला असतो. त्या वर्षांत तिथे आग किंवा गुरं शिरली, तर पुढची पिढीच नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव इथे घ्यावं लागतं. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखाली मेंढ्याला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्या कायद्यात बांबू गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात, स्पष्ट लिहिलेला आहे, तरी 1927 च्या भारतीय वन कायद्यातल्या 'वृक्षा'च्या व्याख्येत तो तेव्हा असल्याने गावाला बांबू बाहेर न्यायचा वाहतूक पास मिळेना. अखेर 27 एप्रिल 2011 ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तोवर इथल्या जंगलांतला बांबू कागद कारखान्याला वर्षानुवर्षं ठेक्याने जात होता. पास हा कागदाचा तुकडा वाटतो, पण विकायचा हक्क आला तेव्हाच कुठला बांबू सोडायचा हे ठरवणं गावाला परवडू लागलं.

साग लावला म्हणजे जंगल झालं का

साग आपलाच आहे, परका नाही. आलापल्लीचं सुमारे 6 हेक्टरचं जुन्या सागाचं जंगल 2014 मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ झालं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारपूरहून सागच गेला. प्रश्न नुसता साग लावण्याचा आहे. 1974 मध्ये स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाने अनेक ठिकाणी मिश्र जंगल साफ करून साग लावला. सागाचं पान मोठं. पावसाचे बारीक थेंब त्यावर जमून टपोरे होतात आणि उंचावरून मातीवर आदळतात. खाली झुडपं, गवत, पाचोळा असेल तर काही बिघडत नाही. पण लागवडीखाली तण काढलेलं, उन्हाळ्यात आग लागलेली, जमीन उघडी असेल तर माती धुपते. शिवाय मोह, चार, आवळा, बेहडा गेले की गावाला त्या जंगलात वेचायला काही उरत नाही, अस्वलालाही. ते मग गावाकडे येतं. (वाघाविषयी मुद्दाम लिहीत नाही, त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.)

सागाला आणखी एक फायदा मिळतो: गुरं त्याला तोंड लावत नाहीत. जिथे चराई जास्त, तिथे गुरांना आवडणारी रोपटी संपतात आणि साग, तरवड, घाणेरी मागे राहतात. चराईबंदी कागदावर सोपी, पण गुरं कुठे न्यायची याचं उत्तर तिच्यात नसतं. जंगलाचे तीन-चार भाग करून पाळीपाळीने बंद ठेवले, बंद भागातलं गवत कापून न्यायची मुभा दिली, तर रोपट्यांना उसंत मिळते आणि गुराखीही भांडत नाही.

घाणेरी, म्हणजे काही भागांत रायमुनिया, एकोणिसाव्या शतकात शोभेचं झाड म्हणून भारतात आली. तिचा मुक्काम नेमका आपल्या गुडघा ते खांद्याच्या उंचीत. फळं बुलबुल खातात आणि पसरवतात. दाट झाली की खाली उजेडच नाही, रोपटी खुंटतात. वरून कापली तर दुप्पट फुटते. जमिनीखाली, फुटवे निघतात त्या गाठीच्या खाली मुख्य मूळ तोडून झुडूप उलटं ठेवायचं, ही पद्धत दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या गटाने रूढ केली. ती फळं धरायच्या आत करावी लागते, आणि मोकळ्या जागेत लगेच गवत लावलं नाही, पुढची दोन-तीन वर्षं उगवलेली रोपं उपटली नाहीत, तर सगळी मजुरी वाया.

झुडपी

पूर्व विदर्भातल्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसूल दप्तरी 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेली सुमारे 86 हजार हेक्टर जमीन आहे. निस्ताराची, म्हणजे गावाच्या रोजच्या गरजांची, गुरं चारायची, काटक्या आणायची जागा. तिच्यावर शाळा झाल्या, रस्ते झाले, घरं झाली, आणि ती वन की बिगरवन हा वाद दशकानुदशकं चालला. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 ला निकाल दिला, की आपल्याच 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाप्रमाणे या जमिनी वनच समजायच्या. त्या तारखेआधी रीतसर दिलेल्या जागांना केंद्राची मान्यता घेण्याचा मार्ग ठेवला.

कायद्याने वन ठरलं, पण तिथे करायचं काय? सरकारी उत्तर बहुधा खड्डे खणून रोपवन. माझं म्हणणं, आधी ऑगस्टमध्ये जाऊन पाहा. पळस, धावडा, तेंदू, साग यांचे कोंब जागोजागी मुळांतून येत असतील, तर खड्ड्यांची गरज नाही. आग आणि गुरं चार-पाच वर्षं बाहेर ठेवली तर जंगल आपोआप वर येईल, आणि खड्डे खणताना तोडली जाणारी जुनी मुळंही वाचतील. कोंब नसतील, मुरमाड माळावर नुसतं कुसळी गवत असेल, तर ते गवताचंच रान आहे. तिथे झाडं कोंबून पैसा मातीत जातो. जिथे जंगल खरोखर उरलेलं नाही तिथेच लागवड करावी. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळच्या पायविहीर गावाने सुमारे 190 हेक्टर उजाड टेकड्या सामूहिक वनहक्काखाली घेऊन राखण, माती-पाण्याची कामं आणि सीताफळ यांच्या जोरावर सावरल्या. 2014 मध्ये त्या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

मोजायचं कसं

यासाठी शास्त्रज्ञ लागत नाही. दोरीने दोन मीटर बाय दोन मीटरचा चौकोन आखा, कोपऱ्यात दगड रोवून चुन्याची खूण करा. जंगलाच्या वेगवेगळ्या भागांत असे पंधरा-वीस चौकोन पुरतात. दिवाळीनंतर, पानं असताना, आत काय उभं आहे ते गावातल्या नावांनी लिहा: गुडघ्याखाली किती, गुडघा ते छाती किती, त्यावर किती. शेंडे खाल्लेले आहेत का, बुंध्याशी जळल्याची खूण आहे का, तेही लिहा. मार्चमध्ये मोजणी करू नका, अर्धी रोपटी मेलेली वाटतील.

कागद वाचायची पद्धत सोपी आहे. गुडघ्याखाली भरपूर आणि छातीपर्यंत एकही नाही, असं दिसलं तर आग किंवा गुरं वर येऊ देत नाहीत. गुडघ्याखालीच काही नाही, तर एक तर बी सगळं वेचलं जातंय नाहीतर घाणेरीने उजेड अडवलाय. सागच साग आणि बाकी काही नाही, तर चराई तपासा. दर तीन वर्षांनी त्याच चौकोनांत पुन्हा मोजा. वनहक्क नियमांतल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेची समिती स्वतःचा व्यवस्थापन आराखडा करू शकते आणि वनखात्याने तो आपल्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या कामांच्या अधिकृत आराखड्यात, धरायचा असतो. हे मोजमाप त्या आराखड्याला सुरुवातीलाच जोडा, म्हणजे यंदा कुठला पट्टा बंद ठेवायचा यावर ग्रामसभेत अंदाजाने वाद घालावा लागणार नाही.